कानाडोळा नको, कान बघा!

आपल्या पिढीची एक गंमत आहे. कुत्रं आणतो आपण, त्याचे फोटो टाकतो आपण आणि त्याला पहाटे साडेपाचला फिरायला नेतात ते आपले आई-वडील! पुण्या-मुंबईच्या कितीतरी फ्लॅट्समध्ये हौसेने आलेली लॅब्रॅडॉर, पग, बीगल मंडळी दीड-दोन वर्षांत ‘गावी मोकळी जागा आहे’ म्हणून गावाकडे रवाना होतात. कारण तसं खरंही असतं म्हणा. जॉब बदलतो, शहर बदलतं, रूममेट बदलतो, घरमालकाची कटकट सुरू होते. कुत्रं मात्र बदलत नाही. ते नव्या अंगणात जाऊन बसतं आणि नव्या माणसांना तेवढाच जीव लावतं.

आमचा बंड्या त्यातलाच. पिवळा लॅब्रॅडॉर, वय वर्षं सहा. माझ्या धाकट्या भावाने तो पुण्यात असताना आणला. पुढे भाऊ नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि बंड्या इस्लामपूरला आई-पप्पांकडे आला. पुण्याहून बंगळुरू हायवे धरला की कराडच्या पुढे पेठ नाका लागतो, तिथून आत वळलं की आमचं इस्लामपूर. वाळवा तालुक्याचं ठिकाण. चहूकडे ऊस आणि हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांगच रांग. (२०२५ मध्ये गावाचं नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला, पण बोलताना आमच्या तोंडात अजून इस्लामपूरच येतं.) पप्पा शाळेतून रिटायर झालेले, आईला गुडघ्याचा त्रास. अशा घरात बंड्या आला आणि दोघांचं टाइमटेबलच बदलून गेलं. पप्पा म्हणायचे, ‘‘रिटायर झालो असं वाटंनाच बघ!’’

मग गेल्या पावसाळ्याच्या शेवटी पप्पांचा फोन आला. ‘‘अगं, बंड्याला काय झालंय कळंना. सकाळी पट्टा घालायला गेलो तर अंगावरच आला.’’

दात बोटाला नुसता लागला होता. पप्पांनी जखम साबणाने भरपूर धुतली, डॉक्टरांना दाखवली, इंजेक्शनं घेतली. (कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी हे करायचंच. यात तडजोड नाही.) पण खरा प्रश्न पुढेच होता. शेजारच्या काकांनी सल्ला दिला, ‘‘चावरं कुत्रं घरात नको सर. मळ्यातल्या वस्तीवर नेऊन बांधा, राखण तरी करंल.’’ नात्यातल्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. आई काही बोलली नाही. पप्पाही नाही. माझ्यासारख्या फ्रीलान्स पत्रकाराचं एक बरं असतं. लॅपटॉप उघडला की ऑफिस. मी बॅग भरली आणि रात्रीच्या गाडीने निघाले.

चावरा की दुखरा?

कुत्रं अचानक चिडचिडं झालं की आपण त्याच्या स्वभावाला दोष देतो. ‘म्हातारं झालंय’, ‘डोक्यात गेलंय’, ‘लाडावलंय’... पण जो प्राणी पाच वर्षं कुणावर गुरगुरला नाही, तो एका सकाळी का गुरगुरेल? त्याला बोलता येत नाही. ‘हात लावू नका, दुखतंय’ हे सांगायला त्याच्याकडे दोनच शब्द आहेत. आधी गुरगुरणं आणि ते कुणी ऐकलं नाही तर दात.

मी दिवसभर फक्त बंड्याकडे बघत बसले. दर थोड्या वेळाने तो डोकं जोरात झटकायचा, कानांची फडफड स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायची. मागच्या पायाने उजवा कान खाजवायचा आणि मग त्याच पायाचा वास घ्यायचा. ओसरीच्या कट्ट्याला डोक्याची एक बाजू घासायचा. झोपायचा तो कायम एकाच कुशीवर. भाकरीचा कडक पापुद्रा त्याचा जीव की प्राण, तोही त्याने बाजूला ठेवला. आई म्हणाली, ‘‘त्याच्या सतरंजीला कसला वास येतोय बघ. दोनदा धुतली तरी जात नाही.’’

वास सतरंजीचा नव्हताच. आंबलेल्या पिठासारखा तो गोडूस-कुबट वास बंड्याच्या उजव्या कानातून येत होता. कान लांबूनच बघितला तर आत लालभडक, कडेला तपकिरी चिकट मळ. पट्टा घालताना पप्पांचा हात नेमका त्याच कानाला लागायचा!

निरोगी कान ओळखायला सोपा असतो. आतून फिकट गुलाबी, हाताला गार किंवा कोमट, थोडासा मळ, पण वास नाही. वास आला, लाली आली, कान गरम लागला, डोकं झटकणं वाढलं, हात लावू देईना झालं, यातलं एक जरी दिसलं तरी पशुवैद्याकडे जायचं. ‘बघू चार दिवस’ हा आपला राष्ट्रीय बाणा इथे कामाचा नाही.

कानाचा बोळ वाकडा

हे दुखणं कुत्र्यांमध्ये इतकं का होतं? उत्तर कानाच्या रचनेत आहे. आपल्या कानाचा बोळ साधारण सरळ आत जातो. कुत्र्याचा बोळ इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा असतो. आधी सरळ खाली उतरतो, मग वळून आडवा आत जातो आणि त्याच्या टोकाला कानाचा पडदा. म्हणजे ओल शिरली, मळ साचला की तो त्या वळणावर अडकून बसतो. त्यावर लॅबसारखं लोंबतं झाकण असेल तर मग बघायलाच नको. आत ऊब, ओल आणि अंधार. भाकरीला बुरशी यायला आणखी काय लागतं?

निसर्गाने तशी सोय केलेली आहे. पडद्याजवळची त्वचा हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत असते आणि सोबत मळही बाहेर आणते, सरकत्या पट्ट्यासारखी. कान निरोगी असेल तर तो स्वतःच स्वतःला साफ करतो. सूज आली की हा पट्टा बंद पडतो. मळ साचतो, मळाने सूज वाढते, सुजेने बोळ आणखी अरुंद होतो... असं ते चक्र.

ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१६ सालच्या २२ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या. त्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात दर १०० कुत्र्यांमागे साधारण ७ कुत्र्यांना बाहेरच्या कानाची सूज झालेली आढळली. उभ्या कानांच्या तुलनेत लोंबत्या कानांच्या कुत्र्यांमध्ये हा धोका साधारण पावणेदोन पट होता. बॅसेट हाउंड, बीगल, गोल्डन रिट्रीव्हर ही मंडळी यादीत वर होती. ज्या जाती आपण लांब मऊ कान बघून पसंत करतो, त्याच!

काचेवरच्या भुईमुगाच्या शेंगा

आमच्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी बंड्याचं रेबीज लसीचं कार्ड मागितलं. अचानक अंगावर आलेल्या कुत्र्याच्या बाबतीत हा प्रश्न पहिलाच असतो आणि असायलाच हवा. ते बघून झाल्यावर त्यांनी दोनच वाक्यं बोलली आणि ती आमच्या घराला पुरली. ‘‘सर, हा चावरा नाही. दुखरा आहे.’’

मग त्यांनी आधी चांगला कान तपासला, नंतर दुखरा. आधीच दुखऱ्याला हात घातला असता तर बंड्याने पुढचं काहीच करू दिलं नसतं. कानात बघायच्या दुर्बिणीने, म्हणजे ऑटोस्कोपने, पडदा शाबूत आहे ना ते पाहिलं. हे फार महत्त्वाचं. पडदा फाटलेला असेल तर काही औषधं थेट आतल्या कानात उतरतात आणि ऐकू येणं किंवा तोल कायमचा जाऊ शकतो. म्हणून पडदा न बघता कुठलेही ड्रॉप्स घालणं म्हणजे लॉटरीच.

त्यानंतर कापसाच्या बोळ्यावर थोडा मळ घेतला, काचपट्टीवर फिरवला, रंग लावला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. काही मिनिटांचं काम. मलाही बघू दिलं. निळ्या-जांभळ्या रंगाचे, मध्ये चिमटलेले असंख्य ठिपके. हुबेहूब भुईमुगाच्या शेंगा! ‘‘ही मॅलॅसेझिया नावाची यीस्ट,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘ताई, थोडी प्रत्येक कुत्र्याच्या कानात असतेच. इथे मात्र पीक आलंय.’’

नुसत्या डोळ्यांनीही काही अंदाज बांधता येतात. तपकिरी, तेलकट, आंबूस वासाचा मळ म्हणजे बहुतेक यीस्ट. कॉफी पावडरसारखा कोरडा काळपट चुरा, त्यात लहान पिल्लू आणि प्रचंड खाज, तर कानातले किडे (माइट्स). घरात मांजर असेल तर तिचेही कान बघा, हे किडे इकडून तिकडे सहज जातात. पिवळा-हिरवा पू आणि नाक दाबावं असा वास, तर बॅक्टेरिया. पण हे अंदाजच. यीस्टचं औषध बॅक्टेरियाला चालत नाही आणि बॅक्टेरियाचं किड्यांना. आदल्या वर्षीही बंड्याने कान खाजवला होता. तेव्हा कुणीतरी सुचवलेले ड्रॉप्स घातले, आठ दिवस बरं वाटलं आणि दुखणं आतल्या आत राहिलं. काचपट्टीचा तो छोटासा खर्च म्हणजे पुढचे सगळे खर्च वाचवणारा विमा समजा.

कान हे लक्षण, कारण वेगळंच

डॉक्टरांचं पुढचं बोलणं माझ्या डायरीत अधोरेखित आहे. यीस्ट आणि बॅक्टेरिया हे बहुतेक वेळा मूळ कारण नसतातच. ते संधी साधणारे. दार कुणी उघडलं ते शोधायचं असतं.

आमच्या भागात दार उघडणारे बरेच आहेत. पहिलं, पाणी. लॅब्रॅडॉर मुळातलं पाण्यातलं कुत्रं, त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांबरोबर काम करायचे. बंड्याला पाटाचं पाणी दिसलं की तो आत, आणि मग दिवसभर ओले कान. दुसरं, गोचीड. गुरं, गवत आणि दमट हवा असली की ते आलेच. कानाच्या घडीत आणि आत लपून बसतात, वर टिक फीव्हरची भीती वेगळीच. तिसरं, कुसळं! पावसाळा सरला, गवत वाळलं की बांधावरची कुसळं कुत्र्याच्या कानात शिरतात. कुसळाची रचनाच अशी की ते पुढे सरकतं, मागे येत नाही. सकाळी उड्या मारत शेतात गेलेलं कुत्रं दुपारी एका बाजूला डोकं करून किंचाळायला लागलं तर समजा, कुसळ गेलंय. ते घरी चिमट्याने उकरायचं नाही, तडक दवाखाना.

आणि चौथं, जे सगळ्यात जास्त वेळा असतं आणि सगळ्यात कमी वेळा शोधलं जातं, ते म्हणजे ॲलर्जी. धुळीची, परागकणांची, खाण्याची. कानाच्या बोळातही त्वचाच असते ना! अंगाला खाज सुटली की आत कानालाही सुटते. डॉक्टरांनी बंड्याचे पुढचे पंजे उचलून दाखवले. बोटांमधले पिवळे केस गंजल्यासारखे लालसर-तपकिरी झाले होते. ‘‘हा पंजे चाटतोय कधीपासून?’’ पप्पा म्हणाले, ‘‘ते होय? ती त्याची सवयच आहे की.’’ ती सवय नव्हती. तेच खरं दुखणं होतं. कान म्हणजे नुसता त्याचा सायरन.

ऑपरेशन अंगण

इलाज ऐकायला साधा होता. सूज आणि दुखणं कमी करायला गोळ्या, कान धुवायचं औषध आणि दिवसातून दोनदा ड्रॉप्स, चौदा दिवस. (हा बंड्याचा कोर्स. तुमच्या कुत्र्याचा वेगळा असेल, कॉपी मारू नका!) पण ज्या कानाला हात लावू देत नाही त्यात औषध घालायचं कसं? म्हणून पहिले दोन दिवस नुसत्या गोळ्या, दुखणं जरा उतरल्यावर मग कान.

पद्धत डॉक्टरांनी दाखवली तशीच सांगते. कुत्र्याला भिंतीच्या कोपऱ्यात बसवायचं म्हणजे मागे सरकत नाही. एकाने हनुवटीखाली हात धरायचा आणि गप्पा मारायच्या, दुसऱ्याने काम करायचं. कानाची पाळी वर उचलायची, धुवायचं औषध बोळ भरेपर्यंत घालायचं. बाटलीचं टोक आत खुपसायचं नाही. मग कानाच्या मुळाशी, गालाच्या वरच्या बाजूला बोटांनी अर्धा मिनिट हलकं चोळायचं. पचपच आवाज आला की समजायचं, औषध वळणापर्यंत पोचलं. मग दोन पावलं मागे! कुत्र्याला डोकं झटकू द्यायचं, आतला मळ वर येतो (आणि तुमच्या टी-शर्टवरही). वर आलेला मळ बोटाला कापूस गुंडाळून पुसायचा, बोट सहज जाईल तेवढाच. जरा वेळाने, कान थोडा सुकल्यावर ड्रॉप्स घालायचे आणि पुन्हा चोळायचं. शेवटी बक्षीस. आमच्याकडे काकडीचे तुकडे. बंड्या काकडीसाठी आपला सातबाराही लिहून देईल.

पहिल्या दिवशी तिघांची दमछाक झाली. चौथ्या दिवशी बाटलीचा आवाज ऐकून बंड्या आपणहून कोपऱ्यात येऊन बसला.

सहाव्या दिवशी खरी परीक्षा आली. डोकं झटकणं थांबलं, वास गेला, बंड्या पुन्हा भाकरीच्या पापुद्र्यासाठी आईच्या मागे मागे. आई म्हणाली, ‘‘बरा झालाय की आता. कशाला रोज त्रास देताय मुक्या जनावराला?’’ याच वळणावर निम्मी औषधं कपाटात जातात. पण पप्पा पडले मास्तर. कालनिर्णयवर सकाळ-संध्याकाळ दोन टिकमार्क. चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस! पंधराव्या दिवशी पुन्हा काचपट्टी. डावा कान स्वच्छ आणि उजव्यात अजून थोड्या ‘शेंगा’ शिल्लक. बाहेरून दोन्ही कान सारखेच छान दिसत होते. आणखी एक आठवडा वाढला आणि मग मात्र काच कोरी.

तपासणी अर्ध्यावर सोडली की काय होतं तेही डॉक्टरांनी सांगितलं. पुन्हा पुन्हा सुजून बोळाची त्वचा जाड होते, मग कडक होते, शेवटी हाडासारखी. तिथे औषध पोचतच नाही आणि पूर्ण बोळ काढून टाकायचं मोठं ऑपरेशन करावं लागतं. दुखणं जातं, पण त्या कानाचं ऐकू येणंही बहुतेक जातं. ४५ हजार हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे माणसाला ऐकू येतात त्याच्या दुपटीहून उंच पट्टीचे आवाज टिपणारा तो कान!

नवरात्रातले मासे

राहिली ॲलर्जी. खाण्याची ॲलर्जी आहे का हे ओळखायचा भरवशाचा मार्ग एकच. आठ आठवडे कुत्र्याला असं अन्न द्यायचं जे त्याने आधी कधी खाल्लेलं नाही, आणि त्याशिवाय दुसरं काही नाही. बिस्किट नाही, चपातीचा तुकडा नाही, दूध नाही, चहात बुडवलेली खारी तर नाहीच नाही. बंड्याच्या रोजच्या जेवणात चिकन, चपाती, दूध, भात सगळंच. डॉक्टरांनी ठरवून दिलं, मासे आणि रताळं.

आणि पुढच्या आठवड्यात घटस्थापना! आमच्या घरी नवरात्रात कांदा-लसूणही चालत नाही. मी म्हटलं, ‘‘आई, नवरात्रानंतर सुरू करू.’’ आईने क्षणभर देवघराकडे बघितलं. मग म्हणाली, ‘‘त्याला कुठं नवरात्र कळतंय? आणि देवीला काय कळत नाही होय?’’ परसात तीन विटांची चूल मांडली, वेगळं पातेलं, वेगळा चमचा. नऊ दिवस ती आधी बंड्याचे मासे शिजवायची, मग अंघोळ करून देवाला नैवेद्य. गुडघे दुखत असताना. कुत्र्याला ‘घरात नको’ म्हणणारे शेजारचे काका एका संध्याकाळी कुंपणावरून हे सगळं बघत उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी आपल्या शेतातली रताळी घेऊन आले!

आठ आठवड्यांत पंजे चाटणं जवळजवळ थांबलं. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून एकेक पदार्थ परत सुरू केला. दूध चाललं, चपाती चालली. चिकन दिल्यावर मात्र आठवड्याच्या आत पंजे पुन्हा तोंडात आणि कान लाल. गुन्हेगार सापडला! चिकन कायमचं बंद. तरी डॉक्टरांनी बजावलंय, ॲलर्जी ‘बरी’ होत नाही, ती सांभाळायची असते. आयुष्यभर.

हे कधीच करू नका

• इअरबड. मळ बाहेर येत नाही, वळणापर्यंत आत ढकलला जातो.
• हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, व्हिनेगर. सुजलेल्या कानात आग होते आणि कुत्रं पुढच्या वेळी जवळ येत नाही.
• गरम तेल, रॉकेल, टर्पेंटाइन, डांबरगोळीचा चुरा. जखमेत अळ्या पडल्या तरी घरगुती प्रयोग नकोत, डांबरगोळी तर कुत्र्यासाठी विषच.
• माणसांचे किंवा गेल्या वर्षीचे उरलेले ड्रॉप्स.
• गोचीड काडीने जाळणं. बारीक चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढा.
• निरोगी कान रोज रोज धुणं. अति स्वच्छतेनेही कान बिघडतो. पोहून आल्यावर कोरडे करणं पुरे.

आणि यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डोकं एका बाजूला कलणं, गोल गोल फिरणं, तोल जाणं, बुबुळं लुकलुक हलणं, तोंडाची एक बाजू पडणं. ही मधल्या किंवा आतल्या कानाची लक्षणं. कानाची पाळी पुरीसारखी टम्म फुगली असेल तर डोकं झटकून आतली रक्तवाहिनी फुटलेली असते. सुईने फोडू नका, आणि फक्त पाळीवर उपचार करूनही भागत नाही. डोकं का झटकत होता तेही शोधावं लागतं.

डॉक्टर कुठे मिळणार?

गावाकडे हा प्रश्न येतोच. तालुक्याच्या दवाखान्यात रांग गायी-म्हशींची असते आणि ते बरोबरच आहे, त्यांच्यावर घरं चालतात. पण आता आमच्यासारख्या गावांतही कुत्री-मांजरं बघणारे तरुण डॉक्टर बसायला लागलेत. केस अवघड असेल तर पुण्याच्या वाटेवरच शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९८८ पासूनचं. त्याला नाव कुणाचं? क्रांतिसिंह नाना पाटलांचं! साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नाना पाटील आमच्याच वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. आपण वीकएंडला त्या बोर्डासमोरून शंभर वेळा गाडी दामटत गेलेलो असतो. त्या हायवेवर नाश्त्याशिवाय आणखीही काही थांबण्यासारखं आहे, एवढं लक्षात असू द्या.

जाता जाता, गल्लीतल्या कुत्र्यांबद्दल. एखाद्याच्या कानाला छोटी नेटकी खाच दिसली तर घाबरू नका. नसबंदी आणि लसीकरण झाल्याची ती खूण असते. २००१ मध्ये यासाठी केंद्राचे नियम आले, २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. पण त्याच कानातून पू वाहत असेल, डोकं कललेलं असेल, तर त्यालाही तितकंच दुखत असतं. फरक एवढाच की त्याच्यासाठी कालनिर्णयवर टिकमार्क करणारं कुणी नसतं. जवळच्या प्राणिमित्र संस्थेला एक फोन आपण करू शकतो.

मळ्यातल्या वस्तीचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. बंड्याला पट्टा घालायचं काम पप्पांकडेच आहे. आता पट्टा घालण्याआधी ते खाली बसतात, हात पुढे धरतात आणि बंड्या स्वतः मान पुढे करतो. दर रविवारी ‘कान-तपासणी’ असते. पाळी उचलायची, बघायचं, वास घ्यायचा, काकडी. पाच मिनिटंही लागत नाहीत. तुमचं कुत्रं तुमच्याजवळ असो की आई-वडिलांजवळ, एवढा एक रिवाज आजच सुरू करा. लांब असाल तर व्हिडिओ कॉलवर करा.

आमच्याकडे तसाच असतो तो. परवा भावाने बंगळुरूहून कॉलवर विचारलं, ‘‘पप्पा, बंड्याचे कान कसे आहेत?’’ पप्पांनी चष्मा वर केला.

‘‘त्याचे एकदम साफ आहेत. तू तुझ्या कानातली ती पांढरी बोंडं काढ आणि आईचा फोन उचलत जा!’’